तीन अंडी आणि खाजकुइलीची पूड

बाळंतिणीने आठव्या दिवसापर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, हे असाबेआला लहानपणापासून ठाऊक होतं. पण एका खोलीत बसून घरातलं किती ऐकू येतं, ते तिला आत्ताच कळत होतं. सासऱ्यांच्या चपला फरशीवरून घासत यायच्या आणि तिच्या दाराशी आल्या की थांबायच्या. अरुंद दार दिसलं की नानांचे पाय जमिनीला चिकटत. असाबेआ लेकीला थोपटायचं सोडून कान देई. एक, दोन, तीन, चार... चपला पुन्हा हलल्या की मगच तिचा श्वास सुटे.

"नाना, पडला नाहीत ना?" ती आतून विचारी.

"पडायला आधी हलावं लागतं, पोरी," बाहेरून पुसट आवाज येई. "गाडी नाक्यावर उभी आहे. हवालदार सोडेल तेव्हा सुटेल."

नाना ओपारेंनी तीस वर्षं कोफोरिडुआहून घानाच्या राजधानीला, अक्र्याला, लॉरी नेली होती. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप गोळी वळल्यासारखी हलू लागली, मग अख्खा हात कापू लागला, मग पाय अडायला लागले. डॉक्टरांनी पार्किन्सनचं निदान केलं. त्यांच्या गोळ्यांनी फरक पडला खरा, पण त्यांच्या डोंगरावरच्या गावात गोळ्या कधी मिळत आणि कधी तीन-तीन महिने दिसतही नसत.

असाबेआ शेजारच्या गावी वनौषधींच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिच्याकडे काम होतं खाजकुइलीच्या बियांचं. जिच्या शेंगेवरची लव शाळेतली पोरं एकमेकांच्या सदऱ्यात टाकतात आणि मग मार खातात, तीच खाजकुइली. डॉक्टरांच्या गोळीत जो पदार्थ असतो तोच तिच्या बीमध्येही असतो. प्रयोगशाळेत आधी औषध देऊन उंदराला ताठ करायचं, मग त्याचे पुढचे पाय आडव्या सळईवर ठेवायचे. उंदीर तसाच उभा राही, जणू पाय खाली घ्यायचे असतात हेच विसरला आहे. बियांचा अर्क पोटात गेला की थोड्या वेळाने एक पाय खाली येई, मग दुसरा, आणि उंदीर चालू लागे. हातात घड्याळ धरून असाबेआने असे कितीतरी उंदीर चालू लागताना पाहिले होते. आणि एके दिवशी घरी आली तर नाना दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभे. तिला पहिल्यांदा आठवला तो उंदीर. त्याची तिला इतकी लाज वाटली की कांदा चिरायच्या निमित्ताने ती बराच वेळ डोळे पुसत राहिली.

मग डॉक्टरांना विचारून तिने बिया भाजल्या, दळल्या, आणि चिमटी-चिमटीने सुरुवात केली. उपाशीपोटी पाण्यातून पूड घेतली की पाऊण तासात नानांचा हात निवे, पाय सुटत, आवाज भरून येई. पुढचे तीन तास नाना पूर्वीचे नाना असत. पूड जास्त झाली तर मात्र उलटी होई, आणि त्याहून जास्त झाली तर अंग नको तितकं हलायला लागे, मान आपोआप वळे, खांदे नाचत. तेही तिने एकदा पाहिलं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक पुडी स्वतः वजन करून बांधे. बाळंत व्हायच्या आदल्या दिवशीही, कळा येत असताना, तिने पंधरा पुड्या बांधून ठेवल्या होत्या.

लेक शुक्रवारी जन्मली, म्हणून सगळे तिला अफुआ म्हणत होते. खरं नाव पुढच्या शुक्रवारी मिळणार होतं. सूर्य वर यायच्या आत बापाकडच्या वडीलधाऱ्याने बाळाला मांडीवर घ्यायचं, पाण्यात बोट बुडवून तिच्या जिभेला लावायचं, मग तेच दारूत बुडवून, प्रत्येकी तीनदा, आणि मग नाव उच्चारायचं. जिभेला पहिलं बोट ज्याचं लागतं त्याच्या वळणावर मूल जातं, असं सगळं गाव मानतं. ते बोट नानांचंच असणार, यात कोणाला शंका नव्हती.

शंका फक्त असाबेआला होती.

पाचव्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "लार्बी, अवुकूकाकांना तयार राहायला सांग."

"कशासाठी?"

"शुक्रवारी ऐन वेळी नानांचं अंग चाललं नाही तर?"

लार्बी लंगोट वाळत घालता घालता थांबला. "पूड देणारी तूच, आणि भरवसा नसलेलीही तूच?"

"पुडीवर भरवसा आहे. वेळेवर नाही. कधी पाऊण तास लागतो, कधी दीड. मी लिहून ठेवलंय सगळं."

"तुझं ते लिहून ठेवणं..." त्याने लंगोट झटकून दोरीवर टाकला. मग म्हणाला, "बाबांना कळलं तर?"

"कळू देऊ नकोस."

तिने त्याला अर्धंच सांगितलं होतं. रात्रंदिवस तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: नानांची कापणारी मांडी, त्या मांडीवर आठ दिवसांचं मूल, आणि खाली अंगणातला दगड. शिवाय अवुकूकाकांची बायको बघायला आली तेव्हा बाळाच्या गालावरून बोट फिरवत सहज म्हणाली होती, "ज्याचं बोट त्याचं वळण हो. विचार कर बाई." असाबेआ तसलं काही मानत नव्हती. तरी ते वाक्य चार दिवस डोक्यातून गेलं नव्हतं.

अवुकूकाका म्हणजे नानांचे धाकटे भाऊ. धडधाकट, आणि आवाज असा की परसातून बोलले तरी रस्त्यावरचा माणूस उत्तर देई. त्यांना 'कोणाला सांगू नका' म्हणणं म्हणजे चर्चच्या घंटेला तसं सांगणं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपलं ठेवणीतलं पांढरं वस्त्र अंगणातल्या दोरीवर उन्हाला टाकलं आणि घसा खाकरून नाव ठेवायचे शब्द म्हणून पाहिले. तेव्हा नाना ओसरीवर बसले होते. त्या दुपारी त्यांच्या चपला तिच्या दारापर्यंत आल्या नाहीत.

शुक्रवारी पहाटे असाबेआ चार वाजताच उठून बसली. साडेचारला पूड, साडेपाचला नाव. मधे पूर्ण एक तास. बाळाला पाजून तिने लार्बीला हाक मारली.

"नानांना पुडी दे. आणि पोटात काही नाही ना, ते विचार."

बाहेर स्वयंपाकघरातून नानांची थोरली बहीण बोलली. लार्ते गावाहून रात्रीच आलेल्या ओटुबेआआत्या. "घ्या! आजच्या दिवशी वडील माणूस उपाशी बसवता? मी मघाशीच भरवलंय त्याला. छान पोटभर."

असाबेआ दाराकडे वळली. "काय भरवलंत आत्या?"

"एटो केलं होतं. केळी उकडून, कुस्करून, पाम तेल घालून. वर अंडी."

"किती अंडी?"

"तीन. एकालाही नको म्हणाला नाही माझा भाऊ."

"आत्या! पुडीआधी अंडं नाही, मासा नाही, मटण नाही, शेंगदाण्याचं सार नाही. मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं!"

"अगं, जेवण कुठे दिलंय मी?" आत्यांचा आवाज खराखुरा दुखावलेला होता. "एटो काय जेवण असतं? ते जिवासाठी असतं. आज त्याच्या जिवाला बळ नको?"

अंडं, मासा, मटण, घरात तिने नको म्हणून सांगितलं होतं ते सगळं जेवणातलं. नामकरणाच्या पहाटेचं एटो हे जेवण नव्हे, हे तिलाही लहानपणापासून माहीत होतं. तिच्या सगळ्या हिशेबात ती एक गोष्ट मोजायची राहून गेली होती.

"थोरले, तुला समजावतो," नाना ओसरीवरून म्हणाले. आवाज इतका बारीक की सगळे गप्प झाले तेव्हा कळला. "डोक्यात जायला नाका एकच. फाटक एकच. तुझी अंडी म्हणजे तीन मोठे ट्रेलर. ते आधी रांगेत घुसले. आता माझी पूड मागून हॉर्न वाजवत बसणार."

"मग खाल्लीस कशाला मुकाट्याने? तोंड नव्हतं तुला?"

"तू भरवत होतीस," नाना म्हणाले. "आई गेल्यापासून मला कोणी भरवलं नव्हतं."

स्वयंपाकघरातून भांडं जोरात आपटल्याचा आवाज तेवढा आला.

तरीही साडेचारला पूड दिली. पाच वाजले. सव्वापाच वाजले. अंगणात खुर्च्या सरकवल्याचे, खोकल्याचे, 'या, बसा'चे आवाज वाढत गेले. असाबेआने खिडकीच्या फटीतून पाहिलं. नाना खुर्चीत होते, उजवा हात मांडीवर, आणि तो हात मांडीवर टपटप टपटप वाजत होता. चेहरा पुतळ्यासारखा.

"आणखी एक पुडी देऊन टाका की!" अवुकूकाका म्हणाले. खिडकीच्या बाहेरच उभे होते ते.

पुड्यांचा डबा असाबेआच्या उशाशी होता. तिचा हात त्याकडे गेलाही. अजून अर्धी दिली तर? पण मग अंडी पुढे सरकली की दोन्ही पुड्या एकदम पोचतील, आणि सगळ्या गावासमोर नानांची मान वळू लागेल, खांदे नाचू लागतील. पोरं हसतील. तिने डबा उचलून उंच फळीवर ठेवला.

"नाही द्यायची," ती म्हणाली. "आहे तेवढीच."

तेवढ्यात चपला घासत आल्या. नाना स्वतः उठून आले होते, लार्बीचा हात झिडकारून. दाराशी आले आणि ठरल्याप्रमाणे थांबले. आत ती, लेकीला छातीशी धरून. बाहेर ते. मधे उंबरा. तिने अजून ओलांडायचा नव्हता, आणि त्यांना ओलांडता येत नव्हता.

"अवुकूला तूच सांगितलंस ना?" नाना म्हणाले.

तिला वाटलं, आता जमीन दुभंगावी. "हो."

"बरं केलंस. जादा चाक बरोबर न घेता मीही कधी अक्र्याला गेलो नाही." ते हसले असावेत. चेहरा हलला नाही, पण डोळे बारीक झाले. "त्यालाच करू दे. आकाश पांढरं झालंय. माझ्यासाठी उजाडायचं थांबणार नाही."

"नाना, मी घाबरले होते."

"कशाला?"

तिने ठरवलं होतं काहीतरी वेगळं सांगायचं. पण तोंडून खरंच निघालं. "तुमच्या हातून ती पडेल म्हणून."

नानांना शब्द जमवायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं, तरी तो वेळ तिला सोसवेना.

"मला पण तीच भीती आहे," शेवटी ते म्हणाले. "गेले सात दिवस मी या दाराशी येतो ना, ते आत यायला येतो. पाय अडतात ते खरं. पण सुटले तरी मी आत येत नाही. 'घ्या हिला' म्हणालीस तर काय करू?"

सात दिवस ती दाराच्या या बाजूने मोजत बसली होती. आणि पलीकडे उभा असलेला माणूस तिच्याच भीतीने उभा होता. तिने लेकीला डाव्या हाताशी घेतलं, डोक्याचं फडकं सोडलं आणि उंबऱ्यावरून हात लांबवून नानांच्या टाचांमागे आडवं टाकलं. अडलेल्या पायांना ओलांडायला रेघ दिसली की ते सुटतात, हे तिने वाचलेलं होतं.

"नाना, मागे वळा आणि यावरून पाय टाका. मी पाठोपाठ येते. मांडी तुमची, आणि खाली हात माझा. पूड पोचो न पोचो."

"आणि अवुकूचं ते वस्त्र?"

"चांगलं दिसतं त्यांना. घालू देत."

नाना वळले, हळूहळू, लॉरी वळवावी तसे. पाय उचलला, फडक्यापलीकडे टाकला, मग दुसरा. आणि असाबेआ आठ दिवसांनी उंबऱ्याबाहेर आली.

अंगणात पंचवीस-तीस माणसं होती. नाना खुर्चीत बसले. तिने चौघडी केलेली चादर त्यांच्या मांडीवर ठेवली, तिच्यावर लेकीला ठेवलं, आणि स्वतः खुर्चीला चिकटून खाली जमिनीवर बसली, एक हात चादरीखाली घालून.

"आईची चटई तिकडे आहे," अवुकूकाका म्हणाले.

"आज ती इथेच बसेल," ओटुबेआआत्या कडाडल्या. "तू तोंड मिटून पेला धर."

काकांनी पेला धरला. नानांनी बोट पाण्यात बुडवलं. बोट पेल्याच्या काठावर किणकिणलं. तिथून बाळाच्या तोंडापर्यंतची वाट वीतभर असेल, पण तेवढ्यात थेंब कपाळावर पडला, नाकावर पडला, एक असाबेआच्या मनगटावर. बाळाने तोंड वाकडं केलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. नानांचं बोट बाळाच्या ओठाला लागलं, निसटलं, पुन्हा गालाला लागलं. आणि गालाला काही लागलं की आठ दिवसांचं मूल जे करतं तेच अफुआने केलं. मान वळवली, तोंड उघडलं, आणि बोट पकडलं.

ती चोखू लागली. नानांचं कोपर थरथरत होतं, खांदाही. पण बोट थरथरत नव्हतं. तिने ते धरून ठेवलं होतं.

"दादा, तीनदा बुडवायचं असतं," काका कुजबुजले. त्यांची कुजबुज कुंपणापर्यंत गेली.

"सोडत नाहीये ती," नाना म्हणाले.

या वेळी सगळेच हसले, आणि ते हसणं वेगळं होतं. बोट सोडवून पुन्हा पाणी लावलं, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी लेकीने वाट पाहत असल्यासारखं तोंड उघडलं.

मग दारूचा पेला आला. असाबेआने श्वास रोखला. एवढ्याशा जिवाला दारू, नुसतं टिपूसही तिला नको होतं. पण आईने तिथे बोलायचं नसतं. नानांनी बोट बुडवलं, उचललं, आणि हात असा काही कापला की थेंबनथेंब त्यांच्याच वस्त्रावर उडाला. बाळाच्या तोंडाशी पोचला तो नुसता वास. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. पाण्याच्या वेळी एवढा कापला नव्हता हात. असाबेआने वर पाहिलं. नाना मोठ्या गांभीर्याने समोर बघत होते. हे आजाराने झालं की मुद्दाम, ते तिने तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

आता शब्द. नानांनी तोंड उघडलं, पण आवाज खुर्चीपलीकडे जाईना. माणसं पुढे झुकली. मागची म्हणू लागली, "काय म्हणाले? काय म्हणाले?"

असाबेआने अवुकूकाकांचं वस्त्र ओढलं. "काका, तुम्ही सांगा ना सगळ्यांना. राजाचे शब्द कोणीतरी मोठ्याने सांगतंच की."

काकांची छाती फुगली. त्यांनी भावाच्या तोंडाशी कान नेला आणि मग ताठ उभे राहून, गल्लीपर्यंत पोचेल असं, एकेक शब्द सोडला: "माझे वडीलबंधू म्हणतात, पोरी, पाणी म्हणशील तेव्हा ते पाणीच असू दे! दारू म्हणशील तेव्हा दारूच असू दे! माझे वडीलबंधू म्हणतात, तुझ्या बापाने तुझ्यासाठी नाव आणलंय. तुझ्या आजीचं. आजपासून तू अफुआ कोरांतेमा!"

"कोरांतेमा!" अंगण म्हणालं. लार्बी हसत होता आणि रडत होता. ओटुबेआआत्या वस्त्राच्या टोकाने नाक पुसत सगळ्यांवर खेकसत होत्या, "बघत काय बसलात, खायला घ्या!"

सूर्य चर्चच्या कौलांवर आला तेव्हा लेक पुन्हा असाबेआच्या कुशीत होती.

साडेसातला, माणसं जेवत असताना, पूड पोचली. असाबेआला ते आधी दिसलं. नानांचा मांडीवरचा हात एकाएकी निजला. मग चेहऱ्यावरचा पुतळा विरघळला, भुवया हलल्या. ते उठले, कोणाचाही आधार न घेता, अंगण ओलांडून तिच्यासमोर आले.

"आता दे तिला माझ्याकडे," ते म्हणाले. आवाज लॉरीच्या काळातला होता. "आता कोणी बघत नाहीये. हे माझ्यासाठी."

'मानेखाली हात धरा' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. 'दोन तास आहेत, फार तर तीन' हेही आले. तिने दोन्ही गिळले आणि लेक त्यांच्या हातात दिली. नानांनी आधी मानेखालीच हात घातला. चार मुलं वाढवलेला माणूस होता तो.

"तू किती दिवस झोपली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"मोजले नाहीत."

"खोटं बोलू नकोस. तू सगळं मोजतेस. जा."

ते वळले आणि कोरांतेमाला घेऊन अंगणातून चालू लागले. तिला एकेक माणूस दाखवत, हा अमका, ही तमकी, हा उधळ्या, ही भांडखोर, आणि ज्याचं नाव घेत तो ताटावरून ओरडून उलट उत्तर देत होता. असाबेआ थोडा वेळ उभी राहिली. मग आत गेली, खाटेवर आडवी झाली, आणि खिडकीकडे पाठ केली. चादर अंगावर ओढायच्या आत तिला झोप लागली.